हर्लिंग की मेडिसिन? डब्लिनच्या ताईंना उत्तर

पत्राचा गोषवारा: मुलगा सोळा वर्षांचा, पुढच्या वर्षी लीव्हिंग सर्ट, म्हणजे तिकडची बारावी. डॉक्टर व्हायचंय म्हणतो, पण आठवड्यातले चार दिवस हर्लिंग, म्हणजे काठीने चेंडू मारायचा आयरिश खेळ. दाराशी चिखलाचे बूट आणि ती ॲशच्या लाकडाची काठी कायम आडवी. वडील म्हणतात, खेळ बंद. मुलगा चिडून म्हणतो, मग मी हर्लिंगमध्येच करिअर करतो.

ताई, मुलाच्या धमकीला घाबरू नका. तुमच्या तिकडे हर्लिंगमध्ये पगारच नाही! १८८४ साली थर्ल्सला जीएए ही आयरिश खेळांची संघटना स्थापन झाली, तेव्हापासून हा खेळ हौशीच राहिला आहे. डब्लिनचं क्रोक पार्क स्टेडियम खचाखच भरलेलं असो, अंतिम सामना खेळलेला मुलगाही दोन दिवसांनी आपल्या शाळेत शिकवायला नाहीतर शेतावर जातो. म्हणजे पोटापाण्याचं दुसरं काही बघावंच लागतं. पण त्याच कारणाने यजमानांचा 'खेळ बंद' हा हुकूमही मला पटत नाही. जिथे सगळेच नोकरी-शिक्षण सांभाळून खेळतात, तिथे तुमच्याच मुलाने का सोडावं?

त्याला टॉमी डेली ठाऊक आहे का, विचारा. क्लेअर काउंटीतल्या टल्ला गावचा हा मुलगा डॉक्टरकी शिकायला डब्लिनला आला आणि डब्लिनच्याच संघाचा गोलकीपर झाला. १९१७, १९२०, १९२४ आणि १९२७ अशी चार ऑल-आयर्लंड (म्हणजे काउंट्यांमधल्या राष्ट्रीय स्पर्धेची) विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. (त्यातला १९२०चा अंतिम सामना स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत रखडून थेट मे १९२२ मध्ये झाला. आपल्या परीक्षा पुढे ढकलल्या की आपण केवढा गहजब करतो!) डोक्याला हेल्मेट नाही, गोलकीपरच्या अंगावर धावून जायला फॉरवर्डना मोकळीक, अशा काळात तो गोलात उभा राहिला आणि डॉक्टरही झाला.

पुढे तो घरच्या क्लेअरकडून खेळू लागला. १९३२च्या ऑल-आयर्लंड उपांत्य सामन्यात गॉलवे काउंटी बरंच पुढे गेली होती. त्यांनी डेलीच्या गोलात चार गोल आणि गोलाच्या आडव्या दांडीवरून चौदा पॉइंट मारले, तरी क्लेअरने नऊ गोल, चार पॉइंट करून सामना काढला. एका गोलाचे तीन पॉइंट धरा, म्हणजे ३१ विरुद्ध २६. एरवी चार गोल खाल्लेल्या गोलकीपरची रात्रीची झोप उडाली असती. अंतिम सामन्यात मात्र किलकेनी काउंटीने एका गोलाच्या फरकाने हरवलं. घरच्या काउंटीचं विजेतेपद राहिलं ते राहिलंच. १९३६ मध्ये मोटार अपघातात डॉ. डेली गेले.

आता हिशेब तुमच्या घरचा. डेलीच्या वेळी ना एचपीएटी (मेडिसिनच्या प्रवेशासाठीची चाचणी) होती, ना मेडिसिनच्या जागांसाठी आजच्यासारखी चुरस. त्यामुळे 'त्याने केलं, मीही करीन' एवढ्यावर मुलाला सोडू नका. चार दिवसांचा सराव पुढचं वर्षभर दोनवर आणायचा, क्लब ठेवायचा आणि काउंटीच्या संघाच्या निवड चाचण्यांचं परीक्षेनंतर बघायचं. हे कोचला मुलानेच जाऊन सांगायचं, तुम्ही नाही. क्रीडा शिष्यवृत्तीच्या भरवशावर मेडिसिनचे गुण कमी पडले तरी चालतील, असं गृहीत धरू नका. ज्या कॉलेजात जायचंय तिथल्या प्रवेश कार्यालयाला आताच ईमेल करून विचारा. एकदा प्रवेश मिळाला की फिट्झगिबन कप आहेच. विद्यापीठांची ही हर्लिंग स्पर्धा १९१२ पासून चालू आहे आणि पांढऱ्या कोटातली मुलं तिथे काही नवी नाहीत.

बोटांची काळजी मात्र खरी. हर्लिंगमध्ये बोटं मोडतात. एचपीएटीच्या आधीचे तीन आठवडे त्याने मैदानावर जायचं नाही. याबाबतीत मी यजमानांच्या बाजूने.

मॉक परीक्षेचा निकाल लागला की मला पुन्हा लिहा. पण ते पत्र त्याच्या हातचं येऊ द्या.