वाचकांचे प्रश्न : इंजिन ठणठणीत, तरी गाडी उभी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख एकाच शंकेकडे आहे : महागड्या गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स इतके वाढले असताना त्या दहा-पंधरा वर्षे टिकतील का? त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे नऊ वर्षे वापरलेली आलिशान सेदान आहे. इंजिनाची कधीच तक्रार नाही. मात्र गेले सहा महिने डॅशबोर्डवर कधी एबीएसचा, कधी सस्पेन्शनचा, तर कधी क्रूझ कंट्रोलचा इशारा येतो. गॅरेजमध्ये तीनदा गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसून दिले, दोन सेन्सरही बदलले, पण आठवड्याभरात पुन्हा तेच. या गाड्यांमधले इलेक्ट्रॉनिक सामान मुळातच कच्चे असते का?

उत्तर : सामान कच्चे असते असे मी म्हणणार नाही. मॉड्यूलच्या, म्हणजे गाडीतले एकेक काम सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाच्या, आतली चिप सहसा शेवटी जाते; तिच्याआधी दगा देतात त्या तिच्याभोवतालच्या साध्या गोष्टी, म्हणजे कनेक्टरच्या पिना, अर्थिंगच्या जोडण्या, सोल्डरचे सांधे, रबरी सील आणि बॅटरी.

तीन वेगवेगळे इशारे म्हणजे तीन वेगळे बिघाड, असे समजू नका. पूर्वी प्रत्येक स्विचपासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र वायर जात असे. बॉश कंपनीने १९८३ मध्ये काम सुरू करून १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या ‘कॅन’ या पद्धतीमुळे सगळी मॉड्यूल दोन वायरींच्या एका सामाईक जोडीवर एकमेकांशी बोलू लागली. ती वापरणाऱ्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये १९९१ ची मर्सिडीज एस-क्लास होती. वायरींचे जंजाळ त्यामुळे कमी झाले, पण परावलंबन वाढले. चाकाच्या वेगाचा एकच सेन्सर एबीएसला, स्थैर्यनियंत्रणाला (घसरती गाडी सावरणाऱ्या यंत्रणेला) आणि क्रूझ कंट्रोलला माहिती पुरवतो. तो क्षणभर गप्प बसला की हे सगळे आपापला दिवा लावून मोकळे होतात.

सुरुवात बॅटरीपासून करावी. पूर्ण चार्ज असलेली आणि काही तास स्वस्थ राहिलेली शिसे-आम्लाची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ दाखवत असेल तर ती जवळपास निम्मी रिकामी आहे. अशी बॅटरी इंजिन फिरवते, त्यामुळे कोणी तिच्यावर संशय घेत नाही, पण स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतके खाली जाते की एखादे मॉड्यूल मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते आणि बाकीची त्याच्या नावाने कोड नोंदवतात.

बॅटरी ठीक निघाली, तर ओल शोधा. मागे अशाच तक्रारीची एक गाडी माझ्यासमोर आली होती. मालकाने तोवर तीन सेन्सर बदलून घेतले होते. डिकीतला गालिचा उचलला, तर खालचा स्पंज पिळता येईल इतका ओला होता आणि त्या खळग्यात एक कंट्रोल मॉड्यूल बसवलेले होते. कनेक्टर सोडवला तेव्हा दोन पिनांवर हिरवट पूड साचलेली दिसली आणि एक पिन तर बोटाच्या धक्क्याने तुटून हातात आली. पाणी येत होते सनरूफच्या मागच्या निचऱ्याच्या नळीतून. ती पालापाचोळ्याने चोंदली होती. नळीची सफाई पाच मिनिटांत झाली, कनेक्टर दुरुस्त करायला अर्धा दिवस गेला आणि त्या तीन सेन्सरांचे पैसे फुकट गेले. म्हणून तुमच्या गॅरेजला कोड पुसण्याआधी कागदावर उतरवून घ्यायला सांगा, आणि प्रत्येक कोड नोंदला गेला तेव्हा व्होल्टेज किती होते हे स्कॅनर दाखवत असेल तर तेही लिहून घ्या.

प्रश्न : १९९० च्या आसपासच्या गाड्या आजही धावताना दिसतात. इलेक्ट्रॉनिक्स कमी होते म्हणूनच त्या टिकल्या, असे म्हणावे का?

उत्तर : अर्धेच खरे आहे. टिकल्या त्याच आज डोळ्यांना दिसतात. भंगारात गेलेल्या दिसत नाहीत. शिवाय त्या काळालाही दुखणी होती. १९९० च्या दशकातील पहिल्या काही वर्षांच्या अनेक मर्सिडीज गाड्यांमध्ये इंजिनाच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने कडक होऊन हातात चुरा व्हायचे. इंजिन उत्तम, पण वायरी उघड्या पडून एकमेकींना चिकटलेल्या. उलट १९८९ मध्ये आलेली लेक्सस एलएस ४०० तिच्या काळाच्या मानाने इलेक्ट्रॉनिक सोयींनी भरलेली होती, तरीही दीर्घायुष्यासाठी तिचे नाव आजही घेतले जाते.

संख्येचा परिणाम मात्र नाकारता येत नाही. समजा, एखादा भाग एका वर्षात बिघडण्याची शक्यता हजारात एक आहे. ही उत्तम गुणवत्ता झाली. असे १०० भाग एका गाडीत असतील, तर वर्षभरात त्यांतील एकही न बिघडण्याची शक्यता सुमारे ९० टक्के राहते आणि दहा वर्षांत ती सुमारे ३७ टक्क्यांवर येते. हा हिशेब बिघाडाचा दर कायम धरून केला आहे. उष्णता, थंडी आणि हादरे यांनी सोल्डर थकत जातो, तेव्हा प्रत्यक्षात उतरत्या वयात दर वाढतोच.

प्रश्न : कंपनीच्या विश्वासार्हतेच्या क्रमवारीवर भरवसा ठेवून जुनी आलिशान गाडी घ्यावी का? आणि एखादे मॉड्यूल गेलेच, तर भंगारातल्या गाडीतून काढलेले चालते का?

उत्तर : क्रमवारी काय मोजते हे आधी पाहावे. जे. डी. पॉवरची टिकाऊपणाची पाहणी तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या मालकांना मागच्या १२ महिन्यांतल्या अडचणी विचारते. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तिन्ही वर्षे तीत लेक्सस अव्वल होती, आणि तक्रारींचा मोठा वाटा पडदा, फोनजोडणी, आवाजी आज्ञा अशा गोष्टींचा असतो. तिसऱ्या वर्षी अडखळणारा पडदा आणि बाराव्या वर्षी न मिळणारे ब्रेकचे मॉड्यूल यांत फार अंतर आहे. तुम्हाला चिंता करायची आहे ती या मॉड्यूलची.

माझ्या मते जुन्या आलिशान गाडीचे आयुष्य बिघाडांच्या संख्येवर कमी आणि दुरुस्तीची वाट खुली आहे की नाही यावर जास्त ठरते. अनेक कंपन्यांच्या गाड्यांत मॉड्यूल त्या विशिष्ट गाडीच्या चासी क्रमांकाशी बांधलेले असते. भंगारातले मॉड्यूल खटकन बसेल, वीजही घेईल, पण कंपनीच्या सर्व्हरशी जोडून त्याचे कोडिंग, म्हणजे नव्या गाडीशी त्याची ओळख जुळवणे, झाल्याशिवाय ते काम करायला नकार देईल. त्यामुळे विकत घेण्याआधी हे कोडिंग कोण करतो, हे नक्की करा. हीच गोष्ट काही गाड्यांत साध्या बॅटरीलाही लागू आहे : नवी बॅटरी बसवल्याची नोंद गाडीत केली नाही, तर चार्जिंग जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच चालू राहते.

काही भाग तर आयुष्य मोजूनच घेऊन येतात. मर्सिडीजने २००१ मध्ये एसएलमध्ये आणि पाठोपाठ ई-क्लासमध्ये सेन्सोट्रॉनिक नावाची विजेवर चालणारी ब्रेक-प्रणाली दिली. त्या युनिटमध्ये ब्रेक किती वेळा दाबला याची मोजणी होत असे आणि ठरलेला आकडा गाठला की युनिट बदलण्याचा इशारा येई. २००४ मध्ये या प्रणालीसाठी सुमारे ६,८०,००० गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि २००६ मध्ये ई-क्लासमधून ती काढूनच टाकली.

टेस्लाचे उदाहरण याहून नव्या जातीचे आहे. जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्समधल्या मधल्या पडद्यामागे ८ जीबीची फ्लॅश मेमरी होती. अशा मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येते. गाडी तिच्यावर सतत नोंदी लिहीत राहिली, मेमरी झिजली आणि पडद्यासोबत मागचा कॅमेराही गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १,३५,००० गाड्या त्याच्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या. यात ना पाणी शिरले होते, ना वायर तुटली होती. अशा गाडीसाठी मालकाला फक्त एवढेच पाहता येते की ते काम आधी झाले आहे की नाही. त्याची कागदोपत्री नोंद मागावी.

प्रश्न : माझी गाडी महिना-महिना उभी राहते आणि बॅटरी उतरते. निघताना बॅटरीची वायर काढून ठेवावी का?

उत्तर : शक्यतो नको. लॉक केल्यावर साधारण अर्ध्या तासाने सगळी मॉड्यूल झोपी गेली पाहिजेत आणि विजेचा वापर ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. एखादे मॉड्यूल जागे राहून एक अँपिअर खेचत असेल, तर ७० अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत संपते. तुमची काही दिवसांतच उतरत असेल, तर दोष तिथे आहे. तो मोजताना बॉनेट आणि दार लागलेले आहे असे गाडीला वाटू द्या, नाहीतर ती पुन्हा जागी होईल आणि आकडा चुकीचा येईल. उतरायला पूर्ण महिना लागत असेल, तर बॅटरी टिकवून धरणारा लहान चार्जर लावून ठेवणे पुरेसे आहे. वायर काढल्यास खिडक्यांची आणि स्टिअरिंगच्या कोनाची नोंद जाऊ शकते. तरीही काढायचीच असेल आणि बॅटरी डिकीत असेल, तर एक गोष्ट आधी तपासा : बऱ्याच गाड्यांची डिकी विजेवर उघडते. ती किल्लीने उघडण्याचे भोक कुठे आहे ते शोधून, एकदा उघडून पाहा आणि मगच वायर काढा.