कोळंबीची सालं, माशाचे खवले आणि कारखान्याचं पाणी

प्रश्न : आमचं कापड रंगवण्याचं छोटं युनिट आहे. तुरटी-चुना घालूनही ईटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून) निघणाऱ्या पाण्याचा रंग पुरता जात नाही, वर गाळ ढिगानं होतो. कोळंबी सोलण्याच्या कारखान्यातली सालं वाळवून, दळून टाकीत टाकली तर रंग उतरतो, असं वाचलं. करून बघावं का?

उत्तर : सालं दळून तशीच टाकीत ओतू नका. कोळंबीच्या सालात कायटिन हा तंतुमय पदार्थ साधारण 20 ते 30 टक्के असतो. बाकी बहुतेक प्रथिनं आणि कॅल्शियम कार्बोनेट. प्रथिनं पाण्यात सुटून सडतात, बीओडी (घाण कुजताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) चढतो आणि रंग थोडा उतरला तरी पाणी आधीपेक्षा घाण होतं.

रंग खरा पकडतो तो कायटिनपासून बनवलेला कायटोसॅन. सालं सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकली की फेस येऊन कॅल्शियम निघून जातं आणि कडक साल हातात मऊ, लवचिक लागतं. सौम्य कॉस्टिकनं (सोडियम हायड्रॉक्साइडनं) प्रथिनं काढतात. मग 40 ते 50 टक्के कॉस्टिकमध्ये 100 अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास तापवलं की कायटिनवरचे ॲसिटिल गट तुटून अमिनो गट मोकळे होतात. किंचित आम्ल पाण्यात या अमिनो गटांवर धनभार येतो. रिॲक्टिव्ह, ॲसिड आणि डायरेक्ट रंग ऋणभारित असतात, म्हणून ते त्याला चिकटतात. तुम्ही बेसिक रंग वापरत असाल तर मात्र या वाटेला जाऊ नका, कारण तेही धनभारितच.

कायटोसॅन युनिटमध्ये बनवायच्या भानगडीत पडू नका, तयार विकत घ्या. एक पाणी साफ करायला कॉस्टिकचं त्याहून जहाल पाणी तयार करणं मला अजिबात पटत नाही.

आता जार टेस्ट, म्हणजे योग्य डोस आधी बीकरमध्ये शोधणं. सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत मी कित्येक वर्षं काम करते आहे, आणि ही टेस्ट न करता थेट टाकीत डोस सोडणाऱ्यांचा मला राग येतो. एक ग्रॅम कायटोसॅन 100 मिलि एक टक्का ॲसिटिक ॲसिडमध्ये ढवळून रात्रभर ठेवा. नुसत्या पाण्यात ते विरघळत नाही. सकाळी पाकासारखं दाट द्रावण मिळेल. रिॲक्टिव्ह रंगाचं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं, तेव्हा आधी ॲसिड घालून पीएच 5 ते 6 वर आणा. एकेक लिटरचे सहा बीकर मांडा, प्रत्येकात डोस वाढवत न्या. मिनिटभर जोरात ढवळा, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी सावकाश, आणि थांबा. योग्य डोसच्या बीकरमध्ये रंगीत पुंजके धरतात, खाली बसतात आणि वरचं पाणी निवळतं. त्यापुढचा बीकर पुन्हा गढूळ दिसेल. डोस जास्त झाला की कणांवरच धनभार चढतो आणि ते एकमेकांना ढकलू लागतात. नवखी माणसं नेमकी इथेच अजून डोस ओततात. तुम्ही मागे या. निवडलेल्या बीकरचा सीओडीही (पाण्यातली घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन) तपासा, कारण ॲसिटिक ॲसिड त्यात भर घालतं.

गाळ तुरटीपेक्षा बराच कमी होईल. डाईबाथमधलं मीठ मात्र जसंच्या तसं पाण्यात राहील. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ही तुमची अडचण असेल तर कायटोसॅनवर पैसे घालवू नका.

प्रश्न : आमचं प्लेटिंगचं काम आहे. माशाचे खवले धातू शोषतात म्हणे. निकेल आणि क्रोमसाठी चालतील का?

उत्तर : निकेलसाठी काही प्रमाणात चालतील. खवला म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या थरांत बसलेलं हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज. काट्यांतही तेच खनिज असतं. शिसं पकडण्यात ते सर्वांत तरबेज. ॲपेटाइटमधला फॉस्फेट शिशाबरोबर पायरोमॉर्फाइट हे जवळजवळ न विरघळणारं खनिज बनवतो. अमेरिकेत ओकलंडच्या साउथ प्रेस्कॉट वस्तीत 2011 मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेनं याच गुणासाठी शिशानं दूषित झालेल्या अंगणांच्या मातीत माशांच्या काट्यांची पूड मिसळली होती.

षट्संयुजी (हेक्झाव्हॅलंट) क्रोमची गोष्ट वेगळी. ते पाण्यात क्रोमेट म्हणून, ऋणभार घेऊन फिरतं, त्यामुळे खवल्यांच्या भरवशावर ते सोडू नका. आधी पीएच 2 ते 3 ला बायसल्फाइट घालून त्याचं त्रिसंयुजी क्रोम करा, मग पीएच 8 ते 9 ला नेऊन गाळ बसवा. हे काम खवले करणार नाहीत. त्यांची जागा सगळ्यात शेवटी, निवळलेल्या पाण्यात उरलेला धातूचा अंश टिपायला. तेही आधी स्वच्छ धुऊन, वास जाईपर्यंत वाळवून.

धातू शोषलेले खवले हा घातक कचराच. कोंबडीखाद्य किंवा खत म्हणून कुणी मागितले तरी देऊ नका. प्लेटिंगच्या गाळाबरोबरच त्यांची नोंद करा आणि त्याच वाटेनं पाठवा.