वर्डमध्ये दोन अक्षरांमधलं अंतर अगदी बारीक कमी-जास्त कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की दाराच्या पाटीसाठी इंग्रजी कॅपिटलमध्ये तावडे टाइप केलं की टी, ए आणि डब्ल्यू लांब लांब पडतात, आणि खालचं मराठी नाव तेवढ्याच रुंदीत बसवायला अक्षरं पसरवली तर वरची रेघ तुटते. मी गिरगावात पाट्या नि लग्नपत्रिकांचं डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी) करतो, हे दुखणं आमच्याकडे रोजचं.

आधी इंग्रजी. ए वर निमुळता आणि टी, डब्ल्यू खाली निमुळते, म्हणून मधे पोकळी दिसते. नाव सिलेक्ट करा, कंट्रोल डी, अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, तिथे कर्निंग फॉर फॉन्ट्सला (कर्निंग म्हणजे दोन अक्षरांच्या जोडीतलं अंतर जुळवणं) टिक लावा आणि शेजारी तुमच्या अक्षरापेक्षा लहान साइज टाका. फॉन्टमध्येच जोड्यांची मापं भरलेली असतील तर निम्मं काम तिथेच होतं.

उरलेलं हाताने करायचं, आणि इथेच लोक फसतात, कारण वर्ड हे अंतर सिलेक्ट केलेल्या अक्षराच्या पुढे धरतो, म्हणजे टी आणि ए जवळ आणायचे तर फक्त टी सिलेक्ट करायचा, मग ए आणि डब्ल्यूसाठी फक्त ए. त्याच टॅबमध्ये स्पेसिंगला कंडेन्स्ड (म्हणजे अंतर कमी) निवडा, आकडा हाताने टाइप करा, 0.1 सुद्धा चालतो. एक पॉइंट म्हणजे इंचाचा 72वा भाग, त्यामुळे 12 पॉइंटच्या मजकुरात अर्धा पॉइंटही डोळ्यात भरतो, पण पाटीच्या 60 पॉइंटच्या अक्षराला 3-4 लागतील.

मराठीला मात्र एक्स्पांडेड (म्हणजे अंतर वाढवणं) लावूच नका, कळकळीने सांगतोय. सुरुवातीला मी एका पत्रिकेत वधूचं नाव 2 पॉइंट पसरवलं होतं, स्क्रीनवर छोटं दिसत होतं म्हणून लक्षात आलं नाही आणि छापून आल्यावर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुटी, जणू नावाचे तुकडे केलेत, सगळ्या पत्रिका परत छापल्या. आपली लिपी रेघेला लटकलेली आहे, रेघ तुटली की शब्द तुटतो. त्याऐवजी त्याच टॅबमध्ये वर स्केल आहे, 100 चं 105 किंवा 108 टक्के करा, अक्षरं रेघेसकट रुंद होतात. त्याहून जास्त ताणलं तर उभे दांडे जाड दिसायला लागतात, मग सरळ साइज वाढवा किंवा रुंद फॉन्ट घ्या.

लिब्रे ऑफिसमध्ये हेच सगळं फॉरमॅट, कॅरेक्टर, पोझिशनमध्ये मिळेल. पाटीवाल्याला फाइल देताना पीडीएफच द्या, त्याच्याकडे तो फॉन्ट नसेल तर केलेलं सगळं अंतर बिघडतं.