थकबाकी मागताना

ठाण्यातल्या आपल्या सोसायटीचे सचिवपद तुम्ही प्रथमच स्वीकारले आहे, म्हणून आवर्जून सांगतो: थकबाकीदाराचा विषय सर्वसाधारण सभेत काढण्यापूर्वी त्याच्या घरी एकदा स्वतः जा. पहिल्या वर्षी मी एका गृहस्थांना भर सभेत विचारले आणि पुढे दोन वर्षे त्यांनी सभेला पाऊल ठेवले नाही. ती चूक मला आजही बोचते. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७८ मध्ये मांडलेल्या, बोलण्यातल्या सौजन्याविषयीच्या सिद्धांतानुसार, इतरांनी आपली कदर करावी आणि आपल्यावर कोणी सक्ती करू नये, अशा दोन इच्छा प्रत्येकाच्या मनात असतात. पैशांची मागणी दुसऱ्या इच्छेला धक्का देते आणि चारचौघांत केली तर पहिलीलाही. म्हणूनच आपण "पैसे भरा" न म्हणता "काका, तेवढं या आठवड्यात जमेल का?" असे विचारतो, ‘तेवढं’मुळे मागणी लहान वाटते आणि ‘जमेल का’मुळे समोरच्याला अडचण सांगायला वाव राहतो. लिफ्टमध्ये कोणी अडकले असेल, तर मात्र असे आडवळण नको. तिथे थेट आज्ञाच द्यावी. नव्याने राहायला आलेल्या समवयस्काला लगेच ‘तू’ म्हणू नका, कारण आपली जवळीक त्याला आगाऊपणा वाटू शकते.