घरून संपादनाचं काम, आमवात आणि फोटोग्राफी: तिन्ही कसं जमवायचं?

तुम्ही विचारलंय की घरून पुस्तकांचं संपादन करता, वर्षभरापूर्वी आमवाताचं निदान झालं, आता फोटोग्राफीला वेळ कसा काढायचा की कॅमेरा सरळ विकून टाकायचा? मी साताऱ्यात राहते. मुद्रितशोधन आणि संपादन हेच माझं पोटापाण्याचं काम. आमवात बऱ्याच वर्षांपासून आहे आणि कॅमेरा त्याच्याही आधीपासून. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिन्हींना सारखा वाटा देण्याच्या भानगडीत पडू नका. वेळापत्रकात पहिली जागा आजाराला द्या, कारण त्याच्याशी घासाघीस होत नाही. प्रकाशकाला दोन दिवस मागून घेता येतात, सुजलेल्या मनगटाकडे मागता येत नाहीत. मी मेथोट्रेक्सेट घेते. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि दुसऱ्या दिवशी मला मळमळतं, अंग जड होतं, डोकं चालत नाही. म्हणून गोळी शनिवारी रात्री आणि रविवार कामाविना, असं डॉक्टरांशी बोलून ठरवून घेतलं. तुम्हालाही हीच गोळी असेल तर वार असाच विचारून ठरवा आणि घरातल्या माणसांना तो माहीत असू द्या. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर शनिवारी लाल खूण असते. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्यांचे दिवसही आधीच लिहून ठेवते. त्या दिवशी कुणालाही काम पोचवण्याचा शब्द देत नाही.

सकाळी उठल्यावर तास-दीड तास माझी बोटं नीट मिटत नाहीत. त्या वेळात कीबोर्डला हातच लावत नाही. आदल्या दिवशी तपासलेलं प्रकरण संगणकाकडून वाचून घेते आणि चहा घेत ऐकते. सलग दोनदा पडलेला ‘आणि’, गळालेलं क्रियापद, कर्त्याशी न जुळणारं वाक्याचं शेपूट, हे सगळं कान बरोबर पकडतो. डोळा तिथून सराईतपणे पुढे निघून गेलेला असतो. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कानाला कळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ ऐकायला सारखेच. शुद्धलेखनाचे 1962 चे 14 आणि 1972 चे 4 नियम पाळायचे तर डोळेच हवेत, आणि ते काम मी दुपारी करते. लेखकाला पाठवायच्या शंका मी टाइप करत नाही, फोनवर मराठीत बोलून लिहून घेते. थोड्या दुरुस्त्या कराव्या लागतात, पण बोटं वाचतात.

सर्वांत जास्त मनगट खातात ती जुन्या फाइलींची रूपांतरं. श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि काही जोडाक्षरं फुटतात. हे एकेक करून दुरुस्त करायला बसलात तर संध्याकाळी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलणार नाही. एका फाइलीत सहसा तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा मोडलेली असतात. म्हणून आधी सुरुवातीची पानं नीट पाहून मोडक्या अक्षरांची यादी करा, आणि मग शोधा-बदला वापरून एकेक प्रकार पूर्ण पुस्तकभर निकालात काढा. टायपिंग निम्म्याच्याही खाली येतं.

प्रकाशकाला आजाराबद्दल सांगावं का, हा तुमचा उपप्रश्न. माझ्या मते सांगावं, पण तारखांच्या भाषेत. दुखण्याचं वर्णन ऐकून त्यांना काय करायचं ते कळत नाही. पंधरा दिवसांत होईल असं वाटणाऱ्या कामाला मी तीन आठवडे सांगते आणि प्रकरणं तपासून होतील तशी पाठवत जाते. म्हणजे मध्येच मी आडवी पडले तरी मांडणी करणाऱ्याचं काम अडत नाही. दिवाळी अंकांचा हंगाम हीच काय ती खरी परीक्षा. का. र. मित्र यांनी 1909 साली आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी संपादकांचा पावसाळा असाच धावपळीत जातो, आणि नेमकी तेव्हाच दमट हवा माझ्या सांध्यांना सोसत नाही. मी आता मोजकेच अंक घेते. पैसे कमी मिळतात, हे खरं आहे.

घरून काम करणाऱ्याला कंपनीचा आरोग्यविमा नसतो. तुम्ही अजून काढला नसेल तर लगेच काढा आणि आमवाताची माहिती लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठी थांबावं लागतं, पण 2024 पासून तो काळ जास्तीत जास्त 3 वर्षांचा केला आहे.

आता फोटोग्राफी. सगळे सांगतात, फोटो काढायचे तर पहाटेच्या कोवळ्या उन्हात. आमवाताच्या माणसाला ती वेळ वर्ज्यच असते, सांधे तेव्हाच सर्वांत ताठ असतात. मी सूर्योदय सोडून दिला आणि ढगाळ आभाळ धरलं. आभाळ भरून आलं की दुपारी दोन वाजताही उजेड मऊ असतो, सावल्या बोचत नाहीत, फुलाच्या पाकळीतल्या शिरा दिसतात. आमच्या इथून 25 किलोमीटरवर कासचं पठार आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे बहर असतो. सोनकी, तेरड्याचे गालिचे टिपायला गर्दी होते. मला ओढ आहे ती सीतेच्या आसवांची. जांभ्या खडकावरच्या पातळ, ओल्या मातीत वाढणारी ही जेमतेम बोटभर उंचीची जांभळट-निळी फुलं. वरून पाहिलं तर नाजूक फूल, आणि खाली ओल्या मातीत याच झाडाच्या इवल्या पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खात असतात. त्यांचा फोटो घ्यायचा तर कॅमेरा जमिनीलगत हवा. गुडघे टेकून खाली वाकणं मला शक्य नाही, आणि तिथे आडवं पडून फुलं चिरडायचीही नाहीत. मी एकपायी स्टँड उलटा धरते. कॅमेरा खालच्या टोकाला, त्याचा पडदा माझ्याकडे वळवलेला, आणि बटण दाबायचं ते फोनवरून. छिद्र एफ 8, शटर 1/250 च्या आसपास, आणि वारा थांबायची वाट पाहायची. पाऊलवाटेवर उभ्या उभ्या हे होतं. मी आठवड्याच्या मधल्या वारी जाते, मुलगी बॅग धरते.

कासला वर्षातून फार वेळा जाणं होत नाही. बाकी वर्षभर गॅलरीतला कढीपत्ता पुरतो. कॉमन मॉरमॉन फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होऊन पानात मिसळून जाते. खुर्चीवर बसून, कोपर टेबलावर टेकून हे सगळं टिपता येतं. दुखणं उसळलेल्या आठवड्यातही माझा छंद थांबत नाही तो या कुंडीमुळे.

एका गोष्टीबद्दल मात्र मी हट्टी आहे. उरलेला वेळ फोटोग्राफीला, असं ठरवलंत तर तो कधीच उरणार नाही, कारण दुखण्यातून आणि कामातून वाचलेला वेळ झोपेत जातो आणि जायलाच हवा. बुधवारी दुपारी तीन ते पाच माझे सर्वांत चांगले तास असतात, आणि ते मी कॅमेऱ्याला दिलेत. कामाला दिले असते तर पानं जास्त झाली असती, हे मला माहीत आहे. लग्नांचे, मुंजींचे फोटो काढून दे असं नातेवाईक म्हणतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणते. तारखेला बांधलेलं एक काम आहे, दुसरं नको.

डोळ्यांबद्दलही सांगते. तुम्हाला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे आमवातावरचं औषध सुरू असेल तर सुरुवातीला एकदा नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटल तपासून घ्या, आणि पुढच्या तपासण्या कधी ते विचारून लिहून ठेवा. त्रास क्वचितच होतो, पण आपली दोन्ही कामं डोळ्यांवरच आहेत.

कॅमेरा विकू नका, वजन विका. मोठी टेली लेन्स लावलेला डीएसएलआर सव्वादोन किलोच्या घरात जातो. लहान मिररलेस आणि छोटी लेन्स मिळून साधारण अर्ध्या किलोत बसतं. जुना दिला तर नव्याचे बरेचसे पैसे निघतात. घेण्याआधी दुकानात जाऊन हातात धरून पाहा, आणि दुकान उघडल्या उघडल्या, बोटं अजून आखडलेली असताना जा. त्या हाताने झूमचं कडं फिरतंय, बॅटरीचं झाकण उघडतंय, पट्टा मानेत न घालता पाच मिनिटं धरवतंय, एवढं जमलं तर तो कॅमेरा घ्या.