जिभेवरची न भरणारी जखम

प्रश्न : माझ्या आईचे वय 58 आहे. तिच्या जिभेच्या डाव्या कडेला दोन महिन्यांपासून एक जखम आहे, पण ती फारशी दुखत नाही. तोंड आले असेल असे समजून आम्ही बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. नंतर दंतवैद्यांनी टोचणारी दाढ घासून दिली, त्यालाही तीन आठवडे झाले. आता त्यांनी तुकडा काढून तपासायला सांगितले आहे. परंतु सुरी लागली की असला आजार चाळवतो, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. आई तीस वर्षे मशेरी लावते. आम्ही काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुकडा तपासून घ्यावा, आणि तोही याच आठवड्यात. तोंड येते तेव्हा झोंबते, जेवण नकोसे होते आणि बहुधा दोन आठवड्यांत ते आपोआप बरे होते. आईंच्या बाबतीत नेमके उलटे घडले आहे : जखम दुखत नाही आणि भरतही नाही. सुरुवातीच्या काळात कर्करोगाची जखम पुष्कळदा दुखत नाही, त्यामुळे वेदना नाही याचा दिलासा मानू नये. जिभेची कड ही या रोगाची नेहमीची जागा आहे. दाढेमुळे झालेली जखम दाढ घासल्यावर दोन आठवड्यांत भरू लागायला हवी होती. अर्थात ही जखम कर्करोगाचीच आहे असे पत्रावरून कोणीही सांगू शकणार नाही. ते तुकडाच सांगेल.

वडीलधाऱ्यांची भीती कुठून येते ते समजण्याजोगे आहे. लोक तपासणीला उशिरा जातात, तोवर रोग वाढलेला असतो, आणि पुढे जे बिघडते त्याचा दोष तपासणीच्या माथी येतो. प्रत्यक्षात जागा बधिर करून जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा घेतात, लागल्यास एखादा टाका घालतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. त्यामुळे रोग पसरत नाही.

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यावर कितीतरी बायका प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण मशेरी खात नाहीत, लावतात. तेव्हा आईंची ही सवय तुम्ही स्वतःहून डॉक्टरांना सांगा आणि मशेरी आजच बंद करा.

अहवालात कर्करोग निघाला, तर बहुतेक वेळा आधी शस्त्रक्रिया करतात. जखम किती रुंद आहे यापेक्षा ती जिभेत किती खोल गेली आहे याला आता अधिक महत्त्व आले आहे. 2017 च्या आवृत्तीपासून जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणात पहिल्या टप्प्यासाठी 2 सेंटिमीटरची लांबी-रुंदी आणि 5 मिलिमीटरची खोली अशा दोन्ही मर्यादा धरतात. शस्त्रक्रियेच्या वेळी मानेतील गाठीही (म्हणजे रोग जिथे पसरू शकतो त्या लसिकाग्रंथी) काढायच्या आहेत, असे डॉक्टर सांगतील आणि हाताला काहीच लागत नसताना मान कशाला कापायची, असे घरात कोणीतरी म्हणेल. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने याच प्रश्नावर केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या अवस्थेतील मुखाच्या कर्करोगात, जिभेच्या रुग्णांचीच संख्या मोठी असताना, शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते. गाठ दिसू लागल्यावर त्या काढण्याची वाट पाहिलेल्यांमध्ये हे प्रमाण 67.5 टक्के होते.

प्रश्न : जिभेचा भाग काढल्यावर बोलता येते का?
— वाचक, पुणे

उत्तर : कडेचा लहान भाग काढला, तर काही आठवड्यांत बोलणे बरेच सुधारते. मोठा भाग गेल्यास मनगटाजवळची किंवा मांडीची त्वचा रक्तवाहिन्यांसह आणून जोडतात. पण ती जिभेसारखी हलत नाही, म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञांकडे शस्त्रक्रियेच्या आधीच एकदा जाऊन यावे. किरणोपचार ठरले असतील, तर किडलेले दात ते सुरू होण्यापूर्वीच काढून घ्यावेत, कारण नंतर काढल्यास जबड्याचे हाड नीट भरून येत नाही.