मरणोत्तर शौर्यपदक मिळालेल्या जवानाने नेमकं काय केलेलं असतं?

तुम्ही विचारलंय की बातमीत नेहमी 'अतुलनीय शौर्य गाजवलं' एवढंच येतं, त्या माणसाने प्रत्यक्ष काय केलं ते कुणी का सांगत नाही. खरं तर सांगितलेलं असतं. पदकासोबतच्या मानपत्रात सगळा प्रसंग असतो, पण तो वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मी एकाच जवानाचं सांगतो, कारण ते माझ्या आजोळच्या तालुक्यातले: नाईक यशवंत घाडगे, पळसगाव, तालुका माणगाव, जिल्हा रायगड.

दुसरं महायुद्ध, १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. घाडगे तिसऱ्या बटालियनमध्ये, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत. वय २२. नाईक म्हणजे दंडावर दोन फिती आणि हाताखाली एक सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी. जर्मन मोर्चातून, म्हणजे त्यांच्या मशीनगनच्या ठाण्यातून, अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्या सेक्शनमधले सगळेच्या सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. उभे राहिले ते एकटे घाडगे.

अशा वेळी जमिनीला चिकटून पडून राहिले असते, तरी कुणी बोल लावला नसता. ते सरळ मोर्चावर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. अजून दोघे उरले होते आणि मॅगझिन रिकामं झालेलं. ते बदलायला काही सेकंद लागतात, तेवढेही हाताशी नव्हते. त्यांनी बंदूक उलटी केली, नळीला धरली आणि दस्त्याने त्या दोघांना संपवलं. मोर्चा हाती आला. तेवढ्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रिकाम्या मॅगझिनपाशीच थांबलो होतो. माझ्या लेखी 'अतुलनीय' या शब्दाचा अर्थ तिथे आहे.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक. हे पदक हिंदी शिपायांना १९११पर्यंत मिळतच नसे, आणि मरणोत्तर देण्याची तरतूद नियमांत स्पष्टपणे आली ती १९२०मध्ये. दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून ते घाडगे यांच्या विधवा पत्नीने स्वीकारलं. लहानसा काशाचा क्रॉस असतो तो. मागच्या बाजूला, मधल्या वर्तुळात, पराक्रमाची तारीख कोरलेली असते. घरात ज्या तारखेने कायमचा अंधार केला, तीच तारीख त्या बाईंच्या तळहातावर ठेवली गेली. मरणोत्तर पदक म्हणजे घरच्यांसाठी काय असतं, याचा विचार करताना मला दर वेळी हेच आठवतं. याच रेजिमेंटचे नामदेव जाधव यांनाही पुढच्या वर्षी इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते परत आले आणि १९८४पर्यंत जगले.

काही जण म्हणतात, ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचं कौतुक कशाला? मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडच्या गावांतून पोरं पिढ्यान् पिढ्या मराठा पलटणीत भरती होत आली. समोर हिटलरची फौज होती आणि मागे स्वतःच्या सेक्शनची माणसं रक्तात पडली होती. त्या क्षणी घाडगे कुणासाठी धावले, हे मला तरी स्पष्ट दिसतं.

स्वतंत्र भारतातही हीच रीत चालू आहे. आजवरच्या २१ परमवीर चक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत, आणि पहिलं, मेजर सोमनाथ शर्मांचं, त्यांतलंच.

घाडगे यांची कबर नाही. इटलीत कासिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशांच्या यादीत त्यांचं नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.